कुलूप ओ देत नाही

एका मोठ्या तळ्याच्या खालच्या अंगाला एक गाव वसलं होतं. तळ्याला मातीचा लांबलचक बांध होता. बांधात दगडी मोरी होती, मोरीतून पाट निघत होता आणि त्या पाटाच्या पाण्यावर गावातले हौद भरत, मळे भिजत, गुरं पाणी पीत. बांध होता म्हणून गाव होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून बांधाची काळजीही सगळेच घेत.

त्या गावात भिवाजी नावाचा दवंडीवाला राहत होता. एरवी त्याचं काम साधंच. बैल हरवला, बाजाराचा दिवस बदलला, कुणाकडे लग्न निघालं, की गल्लीगल्लीतून ओरडत जायचं. पण वर्षातला एक दिवस भिवाजीचा असे. अक्षय्य तृतीयेला गाव बांधाची डागडुजी करी. त्या सकाळी भिवाजी एकेका दारापुढे जाई, हातातली काठी उंबऱ्यावर आपटे आणि घराचं नाव घेऊन हाक मारी. आतून कुणीतरी ओ द्यायची आणि पाटी-कुदळ घेऊन बाहेर पडायचं. ओ आल्याशिवाय पुढच्या दाराला जायचं नाही, अशी रीत होती. बांधावर माती पडली, चोपून झाली, की भिवाजी तिथली मूठभर माती हातात घेऊन सांगे, “सगळ्या उंबऱ्यांनी ओ दिली.” मग आदल्या दिवशी बंद केलेली मोरी उघडायची. ही साक्ष झाल्याखेरीज मोरीच्या दगडाला कुणी हात लावत नसे, की तळ्यात घागर बुडवत नसे. पुढे बांध फुटला तर त्याचं पाप हात लावणाऱ्याच्या माथी, असं लोक मानत.

हिशेब सरळ होता. उंबऱ्यामागे एक माणूस बांधावर, उंबऱ्यामागे पाण्याचा एक वाटा आणि उंबऱ्यामागे पारावरच्या बैठकीत मत द्यायला एक हात. हा नियम करणारे वाडवडील काही कमी शहाणे नव्हते. पण घर असेल आणि घरात माणूस नसेल, असंही कधी होईल, हे त्या बिचाऱ्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्यांनी उंबरे मोजले आणि उंबऱ्याआड माणूस असणारच असं धरून चालले. तिथंच त्यांची चूक झाली.

ही चूक वासुशेटनं बरोबर हेरली. वासुशेट गावातला बडा व्यापारी. गावचे विणकर कापड विणत, वासुशेट ते विकत घेई आणि भावही तोच ठरवी. पहिलं घर त्यानं एका म्हाताऱ्याच्या पश्चात पडत्या भावानं घेतलं. वर्षभरात त्याला उमगलं की धान्याला घुशी लागतात, कापडाला कसर लागते, घर मात्र बसल्या जागी महाग होत राहतं. मग त्याला घरांची चटकच लागली. कुणाकडे आजारपण आलं, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, की वासुशेट थैली घेऊन दारात हजर. “घर मला द्या आणि भाड्यानं इथंच राहा. तुमचं काय बिघडतंय?” असं तो गोड बोलून सांगे. अडलेल्या माणसाला ते पटे. पुढच्या साली भाडं वाढे, त्याच्या पुढच्या साली आणखी वाढे. कापडाचा भाव मात्र होता तिथंच. विणकर बारा महिने माग चालवी, वासुशेट त्याला एका हातानं पैसे देई आणि दुसऱ्या हातानं तेच पैसे भाडं म्हणून काढून घेई.

ज्यांना भाडं झेपेना, ते गाव सोडून बांधापलीकडच्या माळावर गेले. काटक्या, गवत आणि जुनी गोणपाटं यांच्या खोपटांत राहू लागले. खोपटाला उंबरा कसला! वाकून आत शिरायचं आणि वाकूनच बाहेर यायचं. उंबरा नाही म्हणून पाण्याचा वाटा नाही, आणि वाट्याबाहेर तळ्यात घागर बुडवायला बंदी. मग ओढ्याच्या कोरड्या पात्रात झिरा खणून वाटीवाटीनं घागर भरायची. तीच माणसं सकाळी गावात येत, गावाची धुणी धूत, भिंती लिंपत, पोती वाहत आणि संध्याकाळी माळावर परत जात. गावाला त्यांचे हात हवे होते. ते हात निजतात कुठं, हे विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, रिकाम्या झालेल्या घरांत वासुशेटनं दुसरे भाडेकरू आणले असतील. छे! त्यानं कुलपं ठोकली. “माणूस राहिला की भिंती काळ्या होतात,” तो म्हणे. “चुलीचा धूर, पोरांची घाण, रोजची कटकट. कुलूप लावलं की घर नव्यासारखं राहतं. आणि गावात घरं कमी पडली की उरलेल्यांचा भाव आपोआप चढतो.” एकेका गल्लीत दारं बंद होत गेली. ओसरीवर गवत उगवलं, अंगणात कुत्री विऊ लागली. बंद घरं आत, माणसं बाहेर, असा त्या गावाचा कारभार झाला.

बाकीचं गाव काय करत होतं? खूश होतं! शिदोजीचंच बघा. शिदोजी खाऊनपिऊन सुखी शेतकरी. घर वडिलांचं, बैल दावणीला, काळजी कसली नाही. त्याच्या शेजारचं घर वासुशेटनं चढ्या भावानं घेतलं, त्या दिवशी शिदोजीनं गल्लीत पेढे वाटले. “आता आपलंही घर तेवढ्या मोलाचं झालं!” त्याच्या घरात एक वीट वाढली नव्हती. छप्पर गळत होतं तिथंच गळत होतं. तरी गडी मिशीला पीळ देत फिरू लागला. पुढं त्याच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं आणि वेगळं बिऱ्हाड थाटायची वेळ आली, तेव्हा गावात त्या पोराला एक खोलीसुद्धा परवडेना. तो बायकोला घेऊन माळावर गेला. शिदोजीनं लोकांना सांगितलं की पोराला मोकळी हवा आवडते.

पहिल्यांदा कुलूपबंद दारापुढे काठी आपटायची वेळ आली, तेव्हा भिवाजी गोंधळला. हाक मारली, ओ येईना. पुढं जाता येईना. तेवढ्यात वासुशेट आपल्या ओट्यावरून ओरडला, “घर माझं आहे. त्याची ओ मी देतो. ओ!” प्रकरण पारावर गेलं. वासुशेटनं किल्ल्यांचा जुडगा वर धरला. जितक्या किल्ल्या तितके उंबरे, आणि जितके उंबरे तितके हात! कुलूपबंद घरांची ओ मालकानं आपल्या ओट्यावरून एकदाच द्यावी, असं ठरलं. शिदोजीनं मान डोलावली. त्याच्यासारख्या सगळ्यांनीच डोलावली. कुलपांमुळे त्यांच्या घरांचा भाव चढत होता ना!

तेव्हापासून वासुशेटकडून बांधावर एकच गडी येऊ लागला. पाणी मात्र सगळ्या बंद उंबऱ्यांच्या वाट्याचं त्याच्या केळीच्या बागेत जाऊ लागलं. दर साली बांधावर माती कमी पडू लागली. भिवाजी सगळं पाहत होता. पण आपण पडलो दवंडीवाले, आपल्याला कोण विचारतो, असं म्हणून तो साक्ष देत राहिला. साक्ष देताना जीभ अडखळायची, तेवढंच.

मग एके दिवशी भिवाजी राहत होता ते भाड्याचं घरही वासुशेटनं विकत घेतलं. भाडं दुप्पट झालं. भिवाजी आणि त्याची बायको सगुणा डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेऊन माळावर गेली.

खोपटात राहायला दोघांची ना नव्हती. पण त्यांची एकुलती एक लेक चंद्रा पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. लेकीला आणायला वैशाखात जायचं ठरलं होतं. सगुणानं बाळंतविडा जमवायला घेतला होता, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली होती. तेवढ्यात चंद्राचा सासरा वाटेवरून जाता जाता डोकावला. खोपटाकडे पाहून तो बाहेरच थांबला. आत बसायला काही आला नाही.

“भिवाजी, राग मानू नका,” तो म्हणाला. “पर हितं ना भित, ना उंबरा, ना पाणी. आमची सून आम्ही कुठल्या जीवावर पाठवायची? घर करा, मग न्या.”

भिवाजीला त्याचा राग आला नाही. माणूस खरं तेच बोलला होता. सगुणा मात्र दुपटी उराशी धरून कितीतरी वेळ खोपटाच्या तोंडाशी बसून राहिली. रीत अशी की आईनंही लेकीच्या सासरी जाऊन राहायचं नाही. म्हणजे घर नाही तर माहेर नाही, आणि माहेर नाही तर कळा देताना आईचा हातही नाही.

ही बातमी वासुशेटच्या कानावर गेली. त्यानं भिवाजीला बोलावून ओट्यावर बसवलं. गूळपाणी दिलं.

“लेक यायची आहे म्हणे,” वासुशेट म्हणाला. “मधल्या गल्लीतलं एक घर तुला देतो. भाडं नको, काही नको. जन्मभर राहा.”

भिवाजी त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिला. “आन् म्या काय करायचं, शेट?”

“नवीन काही नाही. पारावर थोडी कुरकुर आहे, बांध खचलाय म्हणतात. माळावरचे लोक तुझे कान भरत असतील. तू यंदा हाक नीट मार, माझी ओ घे आणि साक्ष दे. दर साली देतोस तशीच.” असं म्हणून त्यानं जुडग्यातली एक किल्ली काढून भिवाजीच्या हातात ठेवली.

किल्ली कनवटीला लावून भिवाजी माळावर आला. सगुणाला घेऊन तो घर बघायला गेला. कुलूप उघडलं. आत दोन खोल्या, मागं परस, परसात हौद. बाळंतिणीची खाट कुठं घालायची, न्हाणी कुठं करायची, हे सगुणानं उभ्या उभ्या ठरवूनही टाकलं. मग ती पुढच्या खोलीत आली आणि थबकली. खोलीच्या मधोमध मागाचा खड्डा होता. विणकर त्यात पाय सोडून बसतो, तसा. घर तुळाजी विणकराचं होतं. तुळाजी आता माळावर त्यांच्या शेजारच्या खोपटात राहत होता. माळाच्या मुरमात मागाचा खड्डा खणता येईना, म्हणून माग मोडून पडला होता आणि तुळाजी वासुशेटकडे गडी म्हणून पोती उचलत होता.

सगुणा खड्ड्याकडे पाहत म्हणाली, “चंद्राला हितं निजवू. आन् बाळाला न्हाऊमाखू घालाया तुळाजीच्या बायकोला बोलवू. सगळ्या माळावरच्या पोरांना तीच घालती की. तिच्याच घरात तिला पावनी म्हणून बोलवू. व्हय ना?”

भिवाजीनं दाराला पुन्हा कुलूप लावलं आणि दोघं खोपटात परत आली. किल्ली त्याच्या कनवटीलाच राहिली. त्यानं ती परतही दिली नाही आणि नाही म्हणून सांगितलंही नाही. लेकीचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता, त्याला तरी काय दोष द्यायचा?

अक्षय्य तृतीया उजाडली. भिवाजीनं काठी घेतली आणि वेशीपासून हाका सुरू केल्या. उघड्या घरांतून ओ येत गेली, माणसं पाट्या घेऊन त्याच्यामागं चालू लागली. वासुशेटच्या दाराशी हाक दिली. वासुशेट ओट्यावर तयारच बसला होता. “ओ!” तो म्हणाला आणि त्याचा गडी म्हणून तुळाजी पाटी घेऊन रांगेत येऊन उभा राहिला.

पुढचं दार तुळाजीच्या जुन्या घराचं, वाटेतलं पहिलं कुलूपबंद. भिवाजीनं काठी उंबऱ्यावर आपटली.

“तुळाजी विणकराच्या घरचं! ओ द्या!”

आतून काय येणार? मागं उभा असलेला तुळाजी खाली मान घालून पाटीकडे पाहत होता.

भिवाजीनं पुन्हा हाक मारली. वासुशेट ओट्यावरून खेकसला, “दिली की मघाशी! पुढं हो!”

“ती तुमच्या घरची झाली, शेट. एका तोंडाची एकच ओ.”

“पारावर ठरलंय ते विसरलास?”

“ठरवणाऱ्यांनी हितं येऊन ओ द्यावी. म्या हलत न्हाई.”

आणि तो खरंच हलेना. ऊन चढू लागलं. पाट्या घेतलेली माणसं चुळबुळू लागली. आणि चिडली कुणावर म्हणता? कुलूप लावणाऱ्यावर नव्हे, कुलपापुढे उभा राहिला त्याच्यावर! शिदोजी पुढं होऊन म्हणाला, “अरे, सणाचा दिवस आहे, घरी पुरणपोळी थंड होतेय. एका दारापायी गावाला उन्हात तळतोस?” त्याचा धाकटा मुलगा त्याच वेळी माळावरून गावात भिंत लिंपायला येऊन उभा होता. बापानं त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

वासुशेट हसला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, “भिवाजी, या घराची किल्ली तुझ्याच कनवटीला आहे. हे घर मी तुला दिलंय. उघड दार, आत जा आणि तूच ओ दे. मिटली कटकट. उद्या लेकीला घेऊन ये.”

भिवाजीचा हात कनवटीकडे गेला. त्यानं किल्ली काढली. क्षणभर ती मुठीत घट्ट धरली. त्या मुठीत त्याच्या लेकीचं बाळंतपण होतं, आणि हे त्याला कुणी सांगायला नको होतं. मग तो वाकला, किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि मागं सरला.

“ह्ये घर तुळाजीचं,” तो म्हणाला. “त्याला भाईर काढून माझी लेक आत निजवली, तर उद्या मला भाईर काढून तुमी आनी कुणाला निजवाल. म्या ओ देनार न्हाई.”

वासुशेटनं जुडगा वर धरला. “बोला गाव! थांबायचं की पुढं जायचं?” किल्ल्या खुळखुळल्या. उघड्या घरांच्या माणसांपैकी एकाचाही हात वर आला नाही. शिदोजी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. झालं! कुलपांनी निकाल दिला. लोक भिवाजीला वळसा घालून बांधावर गेले, चार पाट्या माती टाकली आणि साक्षीसाठी थांबले.

भिवाजी शेवटी आला. त्यानं बांधाची माती मुठीत घेतली.

“सगळ्या उंबऱ्यांनी ओ दिलेली न्हाई,” तो म्हणाला आणि माळाकडे चालू लागला.

आता आली पंचाईत. मोरी बंद, साक्ष नाही. वासुशेट म्हणाला, “दवंडीवाल्याचं काय ऐकता? उचला रे दगड!” पण मोरीचा दगड एकट्यादुकट्याला हलणारा नव्हता. त्यानं तुळाजीला हुकूम केला. तुळाजीनं हातातली पाटी खाली ठेवली. “पारावर किल्ल्यांचं चालतंय, शेट,” तो म्हणाला. “दगडालाबी किल्ल्याच लावून बघा.” तोही माळाकडे निघून गेला. वासुशेटनं घरचे बाकीचे गडी बोलावून आणले, तर तेही माळावरचेच. ते त्याच्यामागं गेले. उरलेल्यांतून पाप माथी घ्यायला कुणी पुढं होईना. सगळे निमूटपणे पुरणपोळी खायला घरी गेले.

हौदातलं पाणी खाली खाली जाऊ लागलं. वैशाखाचं ऊन ते! आधी अंगणात सडे पडायचे थांबले, मग गुरं हंबरू लागली, मग हौदाच्या तळाचं शेवाळ दिसू लागलं. गावातल्या बायका पितळी घागरी घेऊन ओढ्याच्या झिऱ्याकडे निघाल्या. तिथं माळावरच्या बायकांची रांग होती. शिदोजीची बायको त्या रांगेच्या शेवटाला उभी राहिली. झिऱ्यात पाणी थेंबाथेंबानं पाझरत होतं, वाटी भरायला युगं लागत होती. तिचा नंबर यायला दुपार झाली. तुळाजीच्या बायकोनं वाटी तिच्या हातात दिली. “भरा, काकू,” ती म्हणाली. “आमी रोज असंच भरतो.” शिदोजीच्या बायकोला आपली धाकटी सून त्याच रांगेत दिसली. सुनेच्या तळहातांना घट्टे पडले होते. सासूनं ते आजवर पाहिलेच नव्हते, कारण ती कधी माळावर गेलीच नव्हती.

त्या दिवशी शिदोजीच्या घरात काय बोलणं झालं ते माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी शिदोजी दहा-पाच घरवाल्यांना घेऊन वासुशेटच्या ओट्यावर उभा होता. “शेट, कुलपं काढा,” तो म्हणाला. “गाव तहानेनं मरायला लागलं.”

वासुशेटनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “आज आठवली होय कुलपं? तुझ्या शेजारचं घर मी घेतलं तेव्हा तू पेढे वाटले होतेस, शिदोजी. मी खाल्लाय त्यातला एक.”

शिदोजीचं तोंड एवढंएवढंसं झालं. वासुशेट काही धर्मात्मा नव्हता, पण हे बोलला ते शंभर नंबरी खरं होतं.

गाव पारावर जमलं. वासुशेटनं सवयीनं जुडगा वर धरला. तेव्हा शिदोजी उठून म्हणाला, “ज्या उंबऱ्यातून ओ येत नाही, त्याचा हात नाही. आणि हात नाही तर पाणीही नाही.” बाकीच्यांनी भराभर हात वर केले. किल्ल्यांहून हात जास्त भरले. वासुशेट बराच वेळ किल्ल्या खुळखुळवत बसला, कुणी तिकडे बघेना. इतकं सोपं होतं ते! घटकाभराचं काम. हेच वाक्य पाच-सात वर्षांपूर्वी कुणी बोललं असतं, तर माळावर एकही खोपट उभं राहिलं नसतं. पण तेव्हा घरांचे भाव चढत होते आणि सगळ्यांचे घसे ओले होते.

ज्या घराला पाणी नाही आणि पारावर शब्द नाही, त्याचं मोल काय? बंद घरांचा भाव एका दिवसात मातीला मिळाला. इकडे केळीची बागही करपायला लागली होती. वासुशेटनं मुकाट्यानं कुलपं काढली आणि जुन्या भाड्यानं घरं माणसांना दिली. तुळाजीनं घर झाडून काढलं, खड्ड्यातली धूळ उपसली आणि मोडका माग दुरुस्तीला घेतला. भिवाजीनं पुन्हा दारोदार हाका घातल्या. या खेपेला प्रत्येक दारातून ओ आली. माळावरचे आणि गावातले सगळे बांधावर राबले, बांध कित्येक वर्षांनी पहिल्यांदा मातीनं पुरता भरला. भिवाजीनं साक्ष दिली आणि मोरी उघडली.

मग गावाला उदार व्हायची हुक्की आली. भिवाजी तेवढा अजून खोपटातच होता; त्याला वेशीजवळचं एक चांगलं घर द्यायचं ठरलं. शिदोजी, त्याची बायको आणि चार प्रतिष्ठित मंडळी हळद-कुंकू, नारळ घेऊन खोपटाशी आली. शिदोजीनं खाकरून घसा साफ केला. “भिवाजी, गावानं तुझ्या लेकीसाठी घर दिलंय. आता खुशाल तिला बाळंतपणाला आण.”

भिवाजी खाली मान घालून बसला होता. सगुणा दुपट्यांच्या घड्या घालत होती. ती उठली नाही.

“चंद्राचा सांगावा आलाय,” ती म्हणाली. “सासरीच बाळंत झाली. मुलगी हाय, सुखरूप हाय.”

“वा वा! मग तर पेढेच…” शिदोजीच्या तोंडून निघून गेलं.

सगुणानं शेवटची घडी घातली, हातानं नीट दाबली. “लई कठीण गेलं म्हनं तिला. दोन दिस कळा देत हुती. समद्यांना एकच इचारत हुती, माझी आई कुठाय. घर देताय, द्या, आमी राहू. पर पयलं बाळंतपण येकदाच येतं, भाऊजी. ते तुमी पारावर हात वर करून मला आणून देणार हाय का?”

नारळ तिथंच ठेवून सगळे निघून गेले.

तात्पर्य: ज्या घरात माणूस राहत नाही, त्याला गावात शब्द असता कामा नये. आणि शेजाऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर जात असताना जो आपल्या घराचा चढलेला भाव पाहून खूश होतो, तो त्या लुटीतला वाटेकरीच. त्यानं उशिरा केलेल्या न्यायानं गेलेला दिवस कुणाला परत मिळत नाही.